आगोटीची बेगमी : नाते परिसरातील परस, वाळवण आणि घरप्रपंच

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव आहे. गांधारी आणि काळ या नद्या रायगडाला वळसा घालून सावित्रीकडे उतरतात. त्यांच्या खोऱ्यात, आणि पुढे सह्याद्रीच्या पायथ्याशी पोलादपूरपर्यंत, वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वी या काळात ओढ्यांना पूर येऊन वाड्या एकमेकींपासून तुटत, गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात आणि घाटातले बैलांचे तांडे थांबत. म्हणून इथल्या घरप्रपंचाची मांडणी मृग नक्षत्राभोवती झाली. मृगाआधी जे घरात आले नाही ते दसऱ्यापर्यंत मिळण्याची खात्री नसे. आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्यासाठी घर भरून ठेवणे, हे वर्षातले सर्वांत मोठे काम होते आणि ते जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हाती होते.

जमिनीने या कामाची गरज वाढवली. खाचरात भात एकदाच पिके. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी होई. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाल, चवळी, मूग ही कडधान्ये घेतली जात, ती फाल्गुनापर्यंत घरात येत. पुढे खाचरे कोरडीठाक पडत. त्यातच महाड आणि आसपासच्या भागात खोती पद्धत होती. भातजमिनीच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा, ज्याला अर्धेल म्हणत, आणि वरकस जमिनीचा तिसरा वाटा, म्हणजे तिर्धेल, खोताच्या घरी जाई. कुळाच्या घरात उरलेले भात वर्षभर पुरणे कठीण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. कायदा प्रत्यक्षात १९४९ साली झाला. तोवरच्या पिढ्यांसाठी घरामागचा परस आणि घरातली कोठी हाच भुकेविरुद्धचा खरा आधार होता. या भागाच्या इतिहासात किल्ले आणि लढाया यांना जी जागा मिळाली, तिच्या तुलनेत या आधाराची नोंद फारच थोडी झाली आहे.

तरी एक नोंद ठळक आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५च्या सुमारास लिहिले गेले. त्यात गडांच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, त्यात तटबंदी आणि दारूगोळा यांच्याबरोबर केरकचऱ्याचीही आज्ञा आहे. गडावरचा केर खाली टाकू नये, तो जागच्या जागी जाळावा, राख परसात घालावी आणि घरोघरी जमेल तो भाजीपाला करावा, असा तिचा आशय आहे. गडावर आंबा, फणस आदी झाडे राखावीत हेही तिथे सांगितले आहे. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा रायगड मराठ्यांकडे नव्हता; तो १६८९ साली गेला आणि १७३३ साली परत आला. पण अमात्यांनी राज्याची घडी पाहिली होती ती याच मुलखात. राखेवर भाजी पिकवण्याची रीत त्यांनी नव्याने शोधलेली नव्हती, घरोघरी चालणारी रीत त्यांनी गडाच्या शिस्तीत बसवली. राज्यकारभाराच्या ग्रंथात परसाला एवढे मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल.

परसाची रचना पाण्याच्या वाटेवर ठरे. स्वयंपाकघराच्या मोरीतून निघालेले सांडपाणी आधी अळवाच्या वाफ्यात जाई, तिथून केळीच्या बुंध्याशी. ही दोन्ही झाडे भरपूर पाणी पितात आणि चिखलात कुजत नाहीत, त्यामुळे दारामागे डबके साचत नसे. त्यापुढे मिरची, वांगी, माठ, हळद. कुंपणाला एरंड, निरगुडी किंवा निवडुंग यांची वई. वईतला एरंडही फुकट उभा नसे. त्याचे तेल पुढे कडधान्याला लागे. कोपऱ्यात शेवगा, विहिरीशी तोंडलीचा वेल, सावलीत सुरण, करांदे आणि कणगरीचे कंद. मृग लागताच पडवळ, दोडका, घोसाळे, कारले, काकडी, भोपळा यांच्या बिया आळ्यांत पडत. आषाढात बांबूचा मांडव उभा राही आणि श्रावणात त्याला फळे लोंबत. चुलीतली राख, गोठ्यातले शेण आणि पावसाळ्यात सडलेला पालापाचोळा यापलीकडे खत नव्हते. राख पानांवर भुरभुरली की मावा आणि किडी काही प्रमाणात आटोक्यात राहत.

यातली बरीच झाडे तशी जुनी नाहीत. मिरची, लाल भोपळा, रताळे, पपई, पेरू, काजू ही सगळी अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावर आली. चौल बंदर १५२१ पासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. गोवा तर त्याआधीपासून. किनाऱ्यावरून ही रोपे परसापरसातून आत सरकली. मिरचीपूर्वी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. आज परसातल्या मिरचीशिवाय कोकणी स्वयंपाकाची कल्पना करता येत नाही. ज्या घरांनी बाहेरचे जग शेकडो वर्षे फारसे पाहिले नाही, त्यांनी समुद्रापलीकडची झाडे मात्र निःसंकोच आपली केली.

बियाण्यासाठी कोणी बाजारात जात नसे. मांडवावरचे पहिले किंवा सर्वांत धष्टपुष्ट फळ तोडायचे नाही, हा नियम होता. दोडके वेलावरच वाळवून आढ्याला टांगत. काकडीच्या आणि भोपळ्याच्या बिया राखेत घोळवून किंवा शेणाच्या गोवऱ्यांत दाबून भिंतीला थापत. वाळलेले शेण ओल आणि किडे दोन्ही दूर ठेवी. शेजारणींत बियांची देवघेव चाले. सासुरवाशीण माहेराहून येताना पदराला बी बांधून आणी, आणि अशा रीतीने एका वाडीतली काकडी दुसऱ्या खोऱ्यात रुजे.

भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला परसाचे महत्त्व धर्माच्या चौकटीतही दिसते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे अन्न खायचे नाही, असा नेम आहे. म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, माठ, भोपळा, पडवळ, दोडका, सुरण, कच्ची केळी असे हाताने लावलेले जिन्नस पडतात. वर्षातून एक दिवस घर नांगराशिवाय, निव्वळ परसावर जेवते. या व्रतामागची जुनी समजूत काहीही असो, परसात किती प्रकार उभे आहेत याची ती वार्षिक मोजदादच असे.

बाजारातून काय आणायचे आणि काय घरी करायचे, याची विभागणी महाडच्या पेठेने ठरवली. महाड हे सावित्रीवरचे जुने बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते आत येत, आणि वरंधा व पार या घाटांतून देशावरचा माल उतरे. मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर जाई. गूळ, कांदा, लसूण, डाळी खाली येत. मीठ, गूळ आणि सुकी मासळी हे तीन जिन्नस विकत घ्यायचे, बाकीचे शक्यतो घरचे, असा सर्वसाधारण हिशेब होता. लसणाच्या आणि कांद्याच्या पाती विणून माळा करत आणि चुलीच्या धुरात आढ्याला टांगत.

चैत्र-वैशाख हे वाळवणाचे महिने. कोकमाचे काम त्यात सर्वांत चिवट. पिकलेले रातांबे फोडून साल वेगळी करायची. गर आणि बिया मीठ लावून भांड्यात ठेवायच्या की रस सुटतो. साल उन्हात वाळवायची, मग त्या खारट रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. असे चार-पाच वेळा केल्यावर सोल काळसर, मऊ आणि आंबट होते आणि दोन-तीन वर्षे टिकते. रसाचे आगळ बरणीत जाई. बिया धुऊन, वाळवून, फोडून आतला मगज कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तरंगलेला स्निग्ध भाग गोळा करून मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. हेच मुठेल. ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहते आणि ४० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून पावसात भेगाळलेल्या टाचांना ते लावले की तिथेच बसते. चिखलात दिवसभर लावणी करणाऱ्या बाईसाठी हे औषध फार मोलाचे होते. एका फळाची साल, रस आणि बी यांपैकी काहीच टाकले जात नसे.

फणसाचाही असाच पूर्ण वापर होई. कोवळ्या कुयरीची भाजी, पिकल्या गऱ्यांचे सांदण, रसाची ताटावर थापून वाळवलेली फणसपोळी, मिठाच्या पाण्यात मुरवलेले कच्चे गरे. उरलेल्या आठळ्या कोरड्या मातीत किंवा राखेत ठेवत. आषाढात भाजी संपली की त्या भाजून, उकडून, वालाच्या आमटीत घालून खात. आंब्याचे तसेच. कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी होई. काही कैऱ्या खारात पडत, रायवळ आंब्याचा रस साटे होऊन सुपात वाळे. मिठाच्या पाण्याचे प्रमाण चव पाहून ठरवले जाई, मोजून नव्हे. तरी ते चुकत नसे, कारण फळ पाण्याखाली बुडलेले राहिले पाहिजे आणि वर दगड ठेवला पाहिजे ही गोष्ट प्रत्येकीला माहीत होती. हवेचा संबंध तुटला आणि मीठ पुरेसे असले की सडवणाऱ्या जंतूंना जागा उरत नाही, हे शास्त्र नंतर लिहिले गेले.

पापड, मिरगुंडे, कुरडया, सांडगे, ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या यांचा दिवस ठरलेला असे. पहाटे पीठ, दुपारपर्यंत अंगणात चटया आणि जुनी धोतरे, आणि राखणीला मुले. एका घरच्या पापडाला वाडीतल्या सगळ्या बायका लाटणे घेऊन येत, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे. या मोफत श्रमाची परतफेड श्रमानेच होई. मुंबईत गिरगावात सात बायकांनी १९५९ साली लिज्जत पापडाचा उद्योग उभा केला, तेव्हा गच्चीवर एकत्र बसून पापड लाटण्याची ही जुनी रीतच कमाईत बदलली.

मांसाहारी घरांच्या बेगमीत सुकट, जवळा, बोंबील, सोडे आणि वाकट्या असत. हा माल किनाऱ्यावरून, हर्णे आणि श्रीवर्धनच्या बाजूने येई. मासळी आधीच वाळलेली असली तरी घरी आणल्यावर तिला पुन्हा कडक ऊन दाखवत, नाहीतर पहिल्या पावसातच ती ओलावे. कायस्थ घरांत सोड्यांना आणि वालाच्या बिरड्याला विशेष मान होता. त्यांपैकी वाल हा याच मातीचा. उन्हात तापवून, एरंडेल चोळून, राखेत किंवा लाल मातीत घोळवून तो मडक्यात भरत. तेलाच्या थरामुळे भुंग्याची अंडी दाण्याला चिकटत नाहीत आणि राखेचे बारीक कण किड्याच्या अंगातली ओल शोषतात. भात मात्र नेहमी तुसासकट ठेवायचे, कारण तूस हेच त्याचे चिलखत. बांबूच्या कणगीला आतून शेणमातीचा गिलावा करून ती जमिनीपासून उचलून ठेवत. निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला मध्ये घालत. लागेल तेवढेच भात घिरटावर भरडायचे. नाचणीला कीड जवळजवळ लागतच नाही, म्हणून जुन्या लोकांनी दुष्काळाचा साठा नाचणीत ठेवला.

पावसात साठ्याला जोड मिळे ती रानाची. पहिल्या सरींनंतर शेवळे उगवतात, मग टाकळा, कुलू, भारंगी, कुरडू, कंटोळी. शेवळे घशाला खाजवतात, म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. ही ओळख कातकरी बायकांकडे सर्वांत पक्की होती. त्या रानभाज्या महाडच्या बाजारात आणून तांदळावर किंवा पैशावर देत. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्या ज्ञानावर जमीनवाल्यांचे ताट भरत होते, आणि याचे ऋण फारसे मानले गेले नाही.

पाण्याच्या बाबतीत अन्याय आणखी उघड होता. परसाला विहीर लागते. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावायची मुभा नव्हती, त्यांच्या घरामागे मांडव उभा राहणार कसा? महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. महाडला त्याच वेळी भरलेल्या परिषदेत मेलेल्या जनावरांचे मांस आणि गावाचे उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन झाले. असे मांस वाळवून ठेवणे हीसुद्धा महारवाड्यातली पावसाळ्याची तरतूद होती. उपासमारीच्या काठावर असलेल्या लोकांनी एक साठा आपण होऊन सोडला, तोही माणुसकीसाठी. काटकसरीच्या कोणत्याही इतिहासात ही घटना वगळता येणार नाही.

काटकसर अन्नापुरती नव्हती. तांदळाच्या कण्यांची पेज, कोंडा गुरांना, तूस चुलीत, राख भांडी घासायला आणि परसात. जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणे. तांदळाच्या धुवणाचे पाणी गाईला. घरात उरणारा खरा कचरा जवळजवळ नव्हताच.

या घरप्रपंचात सगळ्यात मोठा बदल मुंबईने घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाड-पोलादपूरचे पुरुष गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला जाऊ लागले. मनीऑर्डर येई, पण ती बहुधा कर्ज, शेतसारा आणि कापडाला पुरे. चूल बायकांच्या साठ्यावर चाले. गिरणगावातली स्वस्त मजुरी शक्य झाली, कारण कामगाराचे कुटुंब गावच्या परसावर आणि कणगीवर जगत होते. ही गोष्ट गिरणीच्या हिशेबात कधी लिहिली गेली नाही. शिमग्याला किंवा गणपतीला आलेला माणूस परत जाताना सोले, वाल, तांदळाचे पीठ आणि नाचणीचे पापड यांचे गाठोडे घेऊन जाई, म्हणजे शहरातल्या खोलीचीही काही बेगमी इथूनच होई.

दुसऱ्या महायुद्धात हा साठा देशाच्या धोरणात आला. मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत घराजवळची रिकामी जागा भाजीपाल्याखाली आणण्याचा आग्रह धरला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी नाते इथेच झाला होता. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि त्या विषयातले पारितोषिकही मिळवले. महागाई आणि धान्यटंचाईच्या त्या वर्षांत चलनाची जबाबदारी परसांच्या या गावातल्या माणसाकडे आली. पुढे १९६५च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी पुन्हा घरोघरी भाजी लावण्याचे आवाहन केले. नात्याच्या खोऱ्यात अशा आवाहनाने नवे काही सुरू होण्यासारखे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर रस्ते, रेशन दुकान आणि वीज आली, आणि मृगाची धास्ती ओसरली. घिरट आणि उखळ गेले, भात गिरणीत जाऊ लागले. कणगीच्या जागी पत्र्याच्या कोठ्या आल्या. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कोकमाची ‘कोकण अमृता’ ही जात तिथलीच. १९९० नंतर रोजगार हमी योजनेतून फळझाड लागवड सुरू झाली आणि नाचणी-वरीच्या वरकस जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला. फळ वाढले, पण बेगमीतले सर्वांत टिकाऊ धान्य कमी झाले. १९८२च्या गिरणी संपानंतर काही कुटुंबे गावी परतली, पण त्यांच्या पुढच्या पिढीने महाडच्या औद्योगिक वसाहतीचा किंवा पुन्हा मुंबई-पुण्याचा रस्ता धरला. हात कमी झाल्यावर सर्वांत आधी मांडव गेले. जे राहिले त्यांना वानरांचा त्रास असा वाढला, की अनेक घरांनी भाजी लावणेच सोडले.

२२ जुलै २०२१ रोजी, आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी, सावित्रीचा पूर महाड शहरात शिरला आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. साठे भरलेले असतानाच हे घडले. खालच्या मजल्यावरची घरे आणि दुकाने बुडाली, तिथले धान्य, मसाला, वाळवण सगळे गेले. जुन्या घरांत साठा माळ्यावर ठेवण्याची पद्धत होती, ती धुरासाठी तशीच पाण्यासाठीही.

आज या परिसरात बेगमीचे जे जिन्नस टिकून आहेत, ते मुख्यतः चवीसाठी टिकले आहेत: घरचा मसाला, सोले, कडवे वाल, तांदळाचे पापड आणि सुके मासे. मे महिन्यात डंकावर अजूनही मिरची-मसाल्यासाठी गर्दी होते. महिला बचत गट सोले, आगळ आणि पापड पिशव्यांत भरून विकतात, आणि रायगडाच्या पायऱ्यांवर गावातल्या बायका पर्यटकांना ताक आणि सरबत देतात. पूर्वी घर चालवणारे काम आता थोडीफार रोख मिळवून देते. आणि तो पैसाही बहुधा बायकांच्याच हातात येतो.